बरोबरी झाल्यावर नियम शोधू नका: घरच्या बोर्डगेमसाठी आणि सोसायटीच्या स्पर्धेसाठी टाय सोडवण्याची पद्धत

गेल्या गणपतीत आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कॅरमच्या दुहेरीचा एक गट अडला. तीन जोड्या, प्रत्येकीचा एक विजय आणि एक पराभव. पुढे एकच जोडी जाणार होती. एकाने सांगितलं, गुणांची बेरीज बघा. दुसरा म्हणाला, चिठ्ठ्या टाका. तिसऱ्याचा आग्रह होता की सगळं पुन्हा खेळू. आरतीची वेळ झाली तरी पार्किंगमध्ये वाद चालूच. शेवटी चिठ्ठी टाकली, आणि ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांच्यातले एक काका तेव्हापासून कॅरमच्या खोलीकडे फिरकलेले नाहीत.

यात कुणी रडीचा डाव खेळलं नव्हतं. चूक एकच होती: टाय कसा सोडवायचा हे टाय झाल्यावर ठरवायला बसलो. त्या क्षणी प्रत्येकाला ठाऊक असतं की कुठल्या नियमाने आपण पुढे जातो. मग कुणी कितीही प्रामाणिकपणे सुचवलं तरी समोरच्याला त्यात स्वार्थच दिसतो.

पुढची पद्धत मी घरच्या रविवारच्या बैठकीत (सहा ते आठ माणसं, दोन टेबलं) आणि सोसायटीच्या स्पर्धेत, दोन्हीकडे वापरतो. टप्पे याच क्रमाने घ्या. तिसरा टप्पा गाळून चौथ्यावर जाता येत नाही. बहुतेक जण नेमकं तेच करतात.

टप्पा १: बोलावतानाच सांगा, आज चुरस आहे की गप्पा

व्हॉट्सॲपवर "रविवारी पाचला या, गेम खेळू" एवढंच टाकलं, की एक जण डोकं लावून जिंकायला येतो आणि दुसरा चहा-भेळ आणि गप्पांसाठी. दोघंही बरोबर असतात, पण एकाच टेबलावर बसले की दोघांची संध्याकाळ वाया जाते. पहिल्याला वाटतं हा लक्षच देत नाही, दुसऱ्याला वाटतं हा फारच मनावर घेतो.

म्हणून निमंत्रणातच एक ओळ घाला: "एक टेबल चुरशीचं, एक गप्पांचं." गप्पांच्या टेबलावर चाल परत घेता येते, शेजारच्याला सल्ला देता येतो, नवीन माणसाला पत्ते उघडे ठेवून शिकवता येतं, आणि टाय झाला तर टाळ्या वाजवून पुढचा गेम मांडायचा. चुरशीच्या टेबलावर यातलं काहीच नाही. पुढचे सगळे टप्पे चुरशीच्या टेबलासाठी आहेत.

लहान मुलं असतील तर कच्च्या लिंबूचं काय, हेही आत्ताच ठरवा. सवलत द्यायची तर ती खेळण्यात द्या आणि नेमकी सांगा. उदाहरणार्थ, कॅरममध्ये स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकलेला नसला तरी दहा वर्षांखालच्यांना चालेल. किंवा स्क्रॅबलमध्ये त्यांना शब्दकोश बघता येईल. निकालात सवलत द्यायची नाही. टाय झाल्यावर "जाऊ दे, ती लहान आहे, तिला देऊन टाकू" असं मी एकदा केलं. त्या मुलीने बक्षीस हातात घेऊन विचारलं, "म्हणजे मी जिंकले का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी तसं कधी केलेलं नाही.

*तपासा:* येणाऱ्या प्रत्येकाला आपण कुठल्या टेबलावर बसणार हे दारातून आत येण्याआधी माहीत आहे का?

टप्पा २: खेळ निवडा आणि त्यात टाय होऊ शकतो का ते मोजा

हे कुणी करत नाही, आणि इथेच बरेच वाद मिटतात.

आधी नियमपुस्तिकेचं शेवटचं पान वाचा. टायचा नियम बहुधा तिथेच, गुणमोजणीच्या खाली एका ओळीत दडलेला असतो. जे खेळ पुण्यातल्या घरांत सध्या जास्त दिसतात त्यांचं असं आहे:

कॅटानमध्ये स्वतःच्या पाळीत १० गुण झाले की खेळ तिथल्या तिथे संपतो. एका वेळी पाळी एकाचीच, त्यामुळे पूर्ण खेळलात तर टाय होतच नाही. स्प्लेंडरमध्ये कुणाचे १५ गुण झाले की ती फेरी पूर्ण करतात, म्हणजे सगळ्यांना सारख्या पाळ्या मिळतात. गुण सारखे असतील तर ज्याने कमी कार्डं विकत घेतली तो जिंकतो. टिकिट टू राइडमध्ये ज्याची जास्त तिकिटं पूर्ण झाली तो, आणि तिथेही बरोबरी असेल तर ज्याच्याकडे सर्वांत लांब मार्गाचं कार्ड आहे तो. अझूलमध्ये ज्याच्या पूर्ण झालेल्या आडव्या ओळी जास्त तो. तरीही सारखे असतील तर विजय वाटून घ्यायचा, असं पुस्तिकाच सांगते. स्क्रॅबलमध्ये उरलेल्या अक्षरांची वजाबाकी-बेरीज करण्याआधी ज्याचे गुण जास्त होते तो जिंकतो. म्हणून स्क्रॅबल लिहिणाऱ्याने ती वजाबाकी करण्यापूर्वीचा आकडा खोडायचा नाही, शेजारी ठेवायचा.

आता कॅरम. घरोघरी गुणांचे नियम वेगळे, आणि टायची शक्यता त्या नियमांवरच ठरते. दोघं खेळताय, काळी सोंगटी ५ ची, पांढरी १० ची, राणी ५० ची असं धरलंत, तर पटावर एकूण गुण ४५ + ९० + ५० = १८५. सगळ्या सोंगट्या संपेपर्यंत खेळलात तर दोघांचे गुण सारखे होणं शक्यच नाही, कारण १८५ ची अर्धी वाटणी ५ च्या पटीत बसत नाही. तेच काळीला १०, पांढरीला २० आणि राणीला ५० धरलंत तर एकूण ३२०, आणि १६०-१६० असा टाय सहज होऊ शकतो. दोन मिनिटांचं गणित आहे. तुमच्या घरचे आकडे घालून एकदा करून बघा.

स्पर्धेच्या पद्धतीचं कॅरम खेळत असाल तर जो खेळाडू किंवा जोडी आपल्या सोंगट्या आधी संपवते तिला समोरच्याच्या पटावर उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा १ गुण मिळतो. राणी तिने कव्हर केली असेल (राणीपाठोपाठ स्वतःची एक सोंगटी घेतली असेल) तर राणीचे ३ गुण, पण आधीचे गुण २२ किंवा जास्त झालेले असतील तर राणीचे गुण मिळत नाहीत. गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा, जे आधी होईल ते (बोर्ड म्हणजे सोंगट्या मांडल्यापासून संपेपर्यंतचा एक डाव). आठव्या बोर्डानंतर गुण सारखे असतील तर एक जादा बोर्ड. हरणाऱ्याने राणी कव्हर केली असेल तर तिचे गुण कुणालाच नाहीत. घरच्या खेळात इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा.

व्यापार हा खेळ म्हणजे तर वेगळाच प्रश्न. तो नियमाने संपेपर्यंत कुणीच खेळत नाही. कुणाची तरी आई "आता जेवायला या" म्हणते तेव्हा तो संपतो. वेळेवर थांबवायचा असेल तर आधीच लिहा: साडेसातला चालू फेरी पूर्ण करून थांबायचं, रोख रक्कम अधिक जागांची छापील किंमत अधिक घरांची किंमत, गहाण जागा अर्ध्या किमतीने. एवढं केलं की टाय दुर्मीळ होतो.

*सावधान:* वेळेअभावी मध्येच थांबवलेल्या कुठल्याही खेळाला पुस्तिकेतला टायचा नियम पुरत नाही. कॅटान ८-८ वर थांबवला तर पुस्तिकेत त्याचं उत्तर नाही. वेळेची मर्यादा घालणार असाल तर थांबण्याचा नियम तुम्हालाच लिहावा लागेल.

टप्पा ३: अर्ध्या पानाचा कागद

खेळ मांडण्याआधी, पहिला फासा पडण्याआधी, हे अर्ध्या पानावर लिहा आणि टेबलाच्या कडेला ठेवा. मोबाइलवर नको. मोबाइलवरचा मेसेज नंतर शोधावा लागतो आणि शोधताना प्रत्येक जण वेगळा मेसेज वाचतो.

आमच्या सोसायटीच्या यंदाच्या कागदावर असं लिहिलं होतं:

"विजय: २ गुण. पराभव: ०. दोन जोड्यांचे गुण सारखे असतील तर आपापसातला सामना कुणी जिंकला ते बघायचं. तीन किंवा जास्त जोड्या सारख्या असतील तर त्यांच्या आपापसातल्या सामन्यांतला गुणफरक. एका सामन्यात जास्तीत जास्त १० चा फरक धरायचा. फरकाने एक जोडी वेगळी झाली तरी उरलेल्यांचा क्रमही फरकानेच लावायचा. फरकही सारखा असेल तर आपापसातला सामना. तरीही सुटलं नाही तर एक बोर्ड. चिठ्ठी फक्त बोर्ड खेळायला वेळ नसेल तर. निर्णय: गुण लिहिणारा, पण स्वतःच्या सामन्यात नाही."

हा कागद मोठ्याने वाचायचा. सगळ्यांनी ऐकून मान हलवली की मगच पावडर टाकायची.

*नेहमीची चूक:* "तसा प्रसंग आला तर बघू" असं म्हणून मोघम सोडणं. दुसरी चूक: कागदावर "गुणफरक" लिहिणं पण कुठल्या सामन्यांचा ते न लिहिणं. सगळ्या सामन्यांचा की फक्त बरोबरीत असलेल्यांमधल्या सामन्यांचा? दोन्हींचे निकाल वेगळे येऊ शकतात.

टप्पा ४: गटाचं गणित आधी कळू द्या

लोकांना वाटतं टाय हा अपवाद आहे. तो अपवाद नाही, आणि हे एकदा पटलं की टप्पा ३ कुणी टाळत नाही.

तीन जणांच्या गटात तीन सामने. सगळे सारख्या ताकदीचे धरले तर निकालांचे ८ प्रकार संभवतात, आणि त्यातल्या २ प्रकारांत प्रत्येकाचा एक-एक विजय होतो. म्हणजे दर चार गटांत एक गट पूर्ण अडतो. चार जणांच्या गटात सहा सामने, निकालांचे ६४ प्रकार. त्यातल्या ३२ प्रकारांतच एखादा तिन्ही सामने जिंकून स्पष्ट पहिला येतो. उरलेल्या ३२ मध्ये पहिल्या जागेसाठी दोघं किंवा तिघं सारखे असतात. अर्ध्या वेळा! खऱ्या आयुष्यात एखादा वरचढ असतो, त्यामुळे प्रमाण थोडं कमी होतं, पण पाच-सहा गटांच्या स्पर्धेत एकही टाय होणार नाही हे धरून चालणं म्हणजे जूनमध्ये छत्री न घेता लक्ष्मी रोडला जाणं.

चार जणांच्या गटात दोघांमध्ये टाय झाला तर आपापसातला सामना तो लगेच सोडवतो. अडचण तिघांच्या चक्राची: ए ने बी ला हरवलं, बी ने सी ला, सी ने ए ला. इथे आपापसातला सामना काहीच सांगत नाही, आणि इथेच नियमांचा क्रम निकाल फिरवतो. समजा तीन विंगच्या जोड्या अशा खेळल्या:

ए विंगने बी विंगला २५-१८ ने हरवलं.
बी विंगने सी विंगला २५-९ ने हरवलं.
सी विंगने ए विंगला २५-२१ ने हरवलं.

गुणफरक काढा. ए: ७ वजा ४, म्हणजे +३. बी: १६ वजा ७, म्हणजे +९. सी: ४ वजा १६, म्हणजे -१२. फरकाने क्रम: बी, ए, सी.

आता कुणी म्हणेल, बी वेगळी झाली, उरले ए आणि सी. दोघंच असतील तर आपापसातला सामना बघायचा, आणि तो सी ने जिंकलाय. मग क्रम होतो बी, सी, ए. हे म्हणणंही चुकीचं नाही. काही खेळांत असंच पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

आणि तिसरा म्हणेल, १६ चा फरक सी च्या जोडीतल्या आजोबांचं मनगट दुखत होतं म्हणून पडला, एका सामन्यात १० पेक्षा जास्त फरक धरू नका. तर बी चा फरक १० वजा ७, म्हणजे +३. ए चाही +३. दोघं पुन्हा सारखे, आपापसातला सामना ए ने जिंकलेला, म्हणून ए पहिली, बी दुसरी, सी तिसरी.

सामने तेच तीन. निकाल तीन, आणि प्रत्येकाच्या बाजूने बिनतोड युक्तिवाद आहे. हे उदाहरण मी स्पर्धेआधी फळ्यावर मांडून दाखवतो. त्यानंतर "नंतर बघू" कुणी म्हणत नाही.

माझं मत विचाराल तर १० ची मर्यादा ठेवा. मर्यादा नसेल तर कमजोर जोडीला शक्य तितकं तुडवण्यात फायदा असतो, आणि सोसायटीच्या खेळात ते बघवत नाही. मर्यादेमुळे टाय थोडे वाढतात, ते मला चालतात. आणि फरकाने सुरू केलं की फरकानेच संपवा. मध्येच नियम बदलल्यासारखा वाटला की लोक चिडतात.

लिहिलेला नियम खेळाला साजेसा आहे का, हेही बघायला हवं. १४ जुलै २०१९ ला लॉर्ड्सवरच्या विश्वचषक अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड २४१ वर बरोबरीत सुटले, सुपर ओव्हरमध्येही दोघांचे १५, आणि इंग्लंड २६ विरुद्ध १७ चौकार-षटकारांवर विजेता ठरला. नियम आधीच लिहिलेला होता, म्हणून निकाल टिकला. पण एक-एक धाव पळून काढणाऱ्याला कमी लेखणारी मोजपट्टी लोकांना पटली नाही, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने ती काढून टाकून निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हरचा नियम आणला. तुमचा नियमही असाच पारखा. "ज्याने जास्त वेळा राणी घेतली तो" हा कॅरमला न शोभणारा नियम आहे, कारण सामना जिंकायला राणी घ्यावीच लागते असं नाही. "ज्याने कमी फाउल केले तो" हा त्यापेक्षा बरा, पण फाउल नीट मोजणारा माणूस असेल तरच.

*तपासा:* तुमच्या गटात तिघांचं चक्र झालं असं समजून कागदावरच्या नियमांनी एक खोटा निकाल काढून बघा. निकाल एकच येतो का? दोन येत असतील तर कागद अपुरा आहे.

टप्पा ५: खेळताना

इथे थोडक्यात, कारण वरचं नीट केलं असेल तर इथे फारसं अडत नाही.

गुण लिहिणारा एकच. त्याने प्रत्येक बोर्डानंतर किंवा फेरीनंतर दोन्ही बाजूंचे एकूण गुण मोठ्याने म्हणायचे आणि दोघांनी हो म्हणायचं. शेवटी एकदम बेरीज केली की चौथ्या फेरीतल्या तीन गुणांवरून सातव्या फेरीनंतर भांडण होतं.

हात सुटला की चाल झाली. "काका, मी बोट उचललं नव्हतं" हा वाद चुरशीच्या टेबलावर नको, म्हणून नियम साधा ठेवा: बुद्धिबळात मोहरा सोडला की चाल झाली, कॅरममध्ये स्ट्रायकर हलला की फटका झाला, कार्ड उघडं टेबलाला लागलं की टाकलं.

"टाइम प्लीज" मर्यादेत द्या. दूधवाला आला, लहान मूल रडलं, ठीक आहे. विचार करायला टाइम प्लीज नाही.

आता एक अवघड गोष्ट. तीन-चार जणांच्या खेळात जो हरणार हे उघड झालंय त्याच्या हातात बाकीच्यांमधून कोण जिंकणार हे येतं. कॅटानमध्ये नवऱ्याने बायकोला मेंढ्यांची दोन कार्डं फुकट द्यावीत आणि समोरच्याने गप्प बसावं, असं आमच्याकडे घडलंय. यावर लिहिता येण्यासारखा एकच नियम मला सापडला: देवाणघेवाणीत दोन्ही बाजूंनी किमान एक-एक वस्तू द्यायचीच, आणि खेळाबाहेरचं वचन ("उद्या भांडी मी घासतो") त्यात धरायचं नाही. मनातून कुणाला कोण जिंकावंसं वाटतं, ते नियमाने बदलत नाही. म्हणून नवरा-बायको, सख्खे भाऊ यांना चुरशीच्या टेबलावर एकाच बाजूला भिडू करा किंवा वेगळ्या टेबलांवर बसवा.

*सावधान:* पावसाळ्यात बोर्ड दमट होतो आणि स्ट्रायकर अडतो. एका सामन्यात पावडर भरपूर आणि दुसऱ्यात संपलेली, असं झालं तर गुणफरकाला अर्थ राहत नाही. गटातले सगळे सामने एकाच बोर्डावर घ्या आणि प्रत्येक सामन्याआधी बोर्ड पुसून सारखीच पावडर टाका.

टप्पा ६: टाय झाला, पहिली पाच मिनिटं

क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं, सोंगट्या, कार्डं, पैसे काही आवरू नका. आवरलं की पुन्हा मोजता येत नाही.

दुसरं, पुन्हा मोजा, आणि ज्याने आधी मोजलं त्याने नाही. घरच्या खेळात बरेच टाय हे टाय नसतातच, बेरजेतली चूक असते. टिकिट टू राइडमध्ये अपूर्ण तिकिटाचे गुण वजा करायचे राहतात. स्क्रॅबलमध्ये सातही अक्षरं एकदम लावल्याचे ५० गुण कुणीतरी विसरतं.

तिसरं, कागद वाचा. आठवणीतून सांगू नका. कागद हातात घेऊन, मोठ्याने.

चौथं, निकाल जाहीर करताना कारण सांगा: "दोघांचे ४ गुण, आपापसातला सामना सी विंगने जिंकलाय, म्हणून सी विंग." कारण ऐकलं की हरलेल्याला निदान आपण कशाने हरलो ते कळतं.

*नेहमीची चूक:* या पाच मिनिटांत बघ्यांना बोलू देणं. गॅलरीतून आलेलं एक "अरे पण..." दोन तासांचा वाद सुरू करतं. खेळणारे आणि गुण लिहिणारा, एवढेच बोलतील.

टप्पा ७: निर्णायक डाव कसा खेळवायचा

कागदावरचे सगळे नियम संपले आणि अजूनही बरोबरी असेल तर जादा डाव. तो छोटा हवा, आणि दोघांना सारखा हवा.

कॅरममध्ये एक बोर्ड. ब्रेक, म्हणजे पहिला फटका, कुणाचा, हे नाणेफेकीने. बोर्ड जिंकला तो जिंकला, गुण मोजायचे नाहीत. एका बोर्डात ब्रेक करणाऱ्याला थोडा फायदा असतो हे खरं. ते खटकत असेल तर दोन बोर्ड खेळवा, एक-एक ब्रेक, आणि दोन्हींचे गुण मिळवा.

बुद्धिबळात एकच डाव खेळवू नका. पांढऱ्याला पहिल्या चालीचा फायदा असतो, आणि तो डावही बरोबरीत सुटू शकतो. रंग बदलून पाच-पाच मिनिटांचे दोन डाव घ्या. घड्याळ नसेल तर मोबाइलवर फुकट मिळतं. मोठ्या बाद फेरीच्या स्पर्धांतही वेग वाढवूनच टाय सोडवतात. जुलै २०२५ मध्ये बातुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला असंच हरवलं: लांब वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत दिव्या जिंकली. तुमचे दोन छोटे डावही १-१ झाले तर शेवटचा उपाय म्हणजे आर्मागेडन: पांढऱ्याला पाच मिनिटं, काळ्याला चार, आणि डाव बरोबरीत सुटला तर काळा जिंकला. नाणेफेक जिंकणाऱ्याने रंग निवडायचा. इथे निकाल लागतोच.

लांब बोर्डगेम, म्हणजे टिकिट टू राइडसारखे, पुन्हा खेळवू नका. तासाभराच्या खेळाचा निकाल दुसऱ्या तासाभराने लावणं कुणालाच परवडत नाही. तिथे पुस्तिकेतला नियम, तो संपला की विजय वाटून घ्या.

आणि चिठ्ठी? चिठ्ठीला माझा विरोध नाही. वेळ खरंच संपली असेल, क्लबहाउस बंद करायला वॉचमन उभा असेल, तर चिठ्ठी प्रामाणिक असते, कारण ती आपण कोण सरस हे सांगण्याचा आव आणत नाही. फक्त दोन गोष्टी: चिठ्ठीचा उल्लेख कागदावर आधी असावा, आणि चिठ्ठी खेळाशी संबंध नसलेल्याने काढावी. आमच्या त्या काकांच्या जोडीची चिठ्ठी समोरच्या जोडीतल्याच एकाने काढली होती. त्यांचा राग मला अजूनही रास्त वाटतो.

*तपासा:* निर्णायक डावाआधी दोघांना पाणी प्यायला, हात पुसायला दोन मिनिटं दिलीत का? लगेच बसवलं की आधीच्या डावाचा राग पुढच्यात उतरतो.

टप्पा ८: विजय वाटून घेणं, कधी आणि कसं

काही टाय सोडवूच नयेत. दोघं मित्र, संध्याकाळभर खेळले, सारखे आले, पुढे कुठला सामना नाही, करंडक नाही. तिथे टायब्रेकची गरजच काय? पुढची फेरी असेल किंवा एकच बक्षीस असेल, तेव्हाच टाय सोडवायचा.

पण सोसायटीत बक्षीस असतं. त्यासाठी आधी ठरवा: क्रम आणि बक्षीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातच झालेल्या महिला ग्रांप्री बुद्धिबळ स्पर्धेत कोनेरू हंपी आणि चीनची झू जिनर दोघींचे ९ पैकी ७ गुण झाले. टायब्रेकने हंपी पहिली ठरली. तिथेही सगळ्यांना कळलं की गुणांत दोघी सारख्याच होत्या. सोसायटीतही हेच करा: करंडक टायब्रेकने पहिल्याला, पण पैसे किंवा कुपनं पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसाची बेरीज करून दोघांत सारखी. पहिलं १००० आणि दुसरं ५०० असेल तर दोघांना ७५० मिळतील. फलकावर दोघांची नावं एकाच ओळीत, त्यापुढे "टायब्रेकने पहिले" असं लिहा. दुसऱ्या आलेल्याला ती ओळ करंडकाइतकीच लागते.

*नेहमीची चूक:* बक्षीस वाटणी जाहीर झाल्यावर कमी जागा मिळालेल्याने मोठेपणा दाखवून "तूच घे" म्हणणं, आणि आयोजकांनी ते मान्य करणं. मान्य करू नका. नियमाने आलेलं दोघांनी घ्यावं. नंतर घरी जाऊन काय करायचं ते त्यांनी बघावं.

स्पर्धा संपली की कागद फाडू नका. मागच्या बाजूला लिहा की कुठे अडलं, कुठला नियम वापरावा लागला, कुणी काय आक्षेप घेतला. मग कागद कॅरमच्या पेटीत, स्ट्रायकरच्या डबीखाली ठेवा. पुढच्या वर्षी पावडरचा डबा उघडायला गेलात की आधी तोच हाताला लागेल.